जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर : शेतकऱ्याच्या ताटाची काळजी वाहणारा सेवक

पोट भरणे आणि शरीर पोसले जाणे या दोन गोष्टी एकच होत, असे पुष्कळांस वाटते. परंतु दोन वेळा पोटभर जेवणाऱ्या घरातही मुले फिकी पडतात, बाळंतिणीच्या अंगी त्राण उरत नाही, आणि कर्ता पुरुष ऐन सुगीत अंथरूण धरतो, हे आपण पाहतो. अमेरिकेतील गरीब शेतकऱ्यांच्या झोपड्यांत हीच दशा पाहून ज्यांनी तिचा उपाय त्यांच्याच परसात दाखवून दिला, त्या जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांचे चरित्र आज वाचकांपुढे ठेवीत आहोत. श्रीमती वीणा गवाणकर यांच्या १९८१ साली निघालेल्या 'एक होता कार्व्हर' या पुस्तकामुळे हे नाव मराठी घरांत परिचयाचे झाले आहे. तथापि भुईमुगापासून शेकडो पदार्थ काढणारा शास्त्रज्ञ एवढीच त्यांची ओळख पुष्कळांस असते. गरिबाच्या चुलीची त्यांनी केलेली सेवा याहून मोठी होती.

जॉर्जचा जन्म १८६४ च्या सुमारास मिसूरी प्रांतात, डायमंड या गावाजवळ झाला. त्याची आई मेरी ही मोझेस कार्व्हर नामक शेतकऱ्याने विकत घेतलेली गुलाम होती. जॉर्ज तान्हा असतानाच लुटारूंनी मायलेकरांस पळवून नेले. मोझेसने पाठविलेल्या माणसाने मूल परत आणले, पण आईचा पत्ता पुन्हा कधीही लागला नाही. गुलामगिरी संपल्यावर मोझेस व सुझन या दांपत्याने त्या पोरक्या मुलास आपल्या घरीच वाढविले. डांग्या खोकल्याने त्याची प्रकृती इतकी नाजूक झाली होती की, शेतातील जड काम त्यास झेपत नसे. म्हणून सुझनबाईने त्यास रांधणे, धुणे, शिवणे व परसातील भाजीपाला राखणे ही कामे शिकविली. पुढे ज्या ज्ञानाने त्यांनी हजारो कुटुंबांची सेवा केली, त्याचा पाया असा स्वयंपाकघरात घातला गेला.

जवळच्या शाळेत काळ्या मुलांस प्रवेश नव्हता. म्हणून तो लहानपणीच घर सोडून निओशो या गावी गेला. तेथे मारिया वॉटकिन्स नावाच्या सुईणीने त्यास आसरा दिला. झाडपाल्याचे पुष्कळ ज्ञान त्या बाईपाशी होते. पुढे कोठे लोकांचे कपडे धुऊन, कोठे स्वयंपाक करून त्याने शिक्षण चालविले. कॅन्सस प्रांतातील एका विद्यालयाने त्यास पत्राने प्रवेश दिला, पण तो दारी उभा राहताच वर्ण पाहून परत पाठविले. तरी त्याने उमेद सोडली नाही. १८९० साली आयोवा प्रांतातील सिम्प्सन कॉलेजात आणि १८९१ साली एम्स येथील कृषी महाविद्यालयात त्यास प्रवेश मिळाला. तेथून त्याने १८९४ साली पदवी व १८९६ साली वरची पदवी मिळविली. त्याच वर्षी बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या निमंत्रणावरून कार्व्हर अलाबामा प्रांतातील टस्कीगी येथे काळ्या लोकांच्या विद्यालयात शेतीचे शिक्षक म्हणून आले, आणि मरेपर्यंत तेथेच राहिले.

तेथे त्यांनी काय पाहिले? कपाशी झोपडीच्या उंबऱ्यापर्यंत लावलेली होती. बहुतेक शेतकरी दुसऱ्याची जमीन वाट्याने करीत. सावकार पीक गहाण ठेवूनच बी व शिधा उधार देई, आणि त्यास कपाशीखेरीज दुसरे पीक मान्य नसे. त्या उधारीच्या शिध्यात तीनच जिन्नस असत : मक्याचे पीठ, डुकराची खारवलेली चरबी आणि काकवी. सकाळी तेच, रात्रीही तेच. पोट भरे, पण त्या अन्नात शरीरास लागणारे कित्येक अंश नसत. याच अन्नापायी दक्षिणेत पेलाग्रा नावाची व्याधी पसरली. तीत हातापायांची त्वचा काळवंडून सोलते, जुलाब लागतात, आणि शेवटी बुद्धीही भ्रमिष्ट होते. पुष्कळ वैद्य तिला स्पर्शजन्य रोग मानीत. १९१४ पासून डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी शोध करून दाखविले की, हा रोग संसर्गाचा नसून निकृष्ट आहाराचा आहे. ज्याच्या उणिवेने तो होतो ते नियासिन नावाचे जीवनसत्त्व होय, हे १९३७ साली कळून आले.

हे सर्व उमगण्यापूर्वीच कार्व्हर शेतकऱ्यांस ताट बदलण्यास सांगत होते. त्यांनी प्रथम चवळी, रताळी व भुईमूग यांवर भर दिला, आणि त्यास दुहेरी कारण होते. चवळी व भुईमूग यांच्या मुळांवरील गाठींत राहणारे सूक्ष्म जंतू हवेतील नत्र जमिनीस मिळवून देतात, म्हणून कपाशीने थकलेली भूमी पुन्हा सुपीक होते. शिवाय त्यांच्या दाण्यांत शरीर बांधणारा अंश विपुल असतो, आणि भुईमुगात तर नियासिनही भरपूर असते. जे पीक जमिनीस पोसते तेच लेकरांसही पोसते, ही त्यांची शिकवण होती.

परंतु जे रांधता येत नाही ते कोणी पेरीत नाही, हे कार्व्हर जाणून होते. म्हणून त्यांनी लहान लहान पुस्तिका सोप्या भाषेत काढल्या. त्यांत पेरणीपासून फोडणीपर्यंत सर्व काही असे. १९१६ च्या पुस्तिकेत भुईमुगाचे १०५ आणि १९१८ च्या पुस्तिकेत टोमॅटोचे ११५ प्रकार दिले होते. फळे व भाज्या उन्हात वाळवून आडसालीसाठी कशा राखाव्यात, हेही त्यांनी शिकविले. ज्यांस वाचता येत नसे त्यांच्याकडे ते स्वतः गाडी जोडून जात आणि अंगणात सर्व करून दाखवीत. १९०६ साली याच कामासाठी अवजारे, बियाणे व दुधाची साधने भरलेली एक मोठी गाडी तयार झाली. ती चालती शाळा गावोगाव फिरू लागली.

ज्यास मालकाने हातभर जागाही भाजीस मोकळी सोडू दिली नाही, त्याने काय करावे? अशांस कार्व्हर बांधावर व रानात नेत. घोळ, चाकवत, माठ यांसारख्या ज्या पाल्यास लोक तण म्हणून तुडवीत, तो उत्तम भाजी आहे असे ते दाखवीत. रोज पहाटे रानात एकांती प्रार्थना करण्याची त्यांची रीत होती, आणि देवाने मनुष्यास अन्नासाठी दिलेल्या वनस्पतींपैकी कोणतीही तुच्छ नव्हे, अशी त्यांची श्रद्धा होती. १९४२ साली, वार्धक्यात, त्यांनी रानभाज्यांवर एक स्वतंत्र पुस्तिका काढली.

१९२१ साली अमेरिकेच्या विधिमंडळाच्या समितीपुढे भुईमुगाविषयी साक्ष दिल्यावर त्यांची कीर्ती देशभर पसरली. खरे पाहता त्यांनी काढलेल्या शेकडो पदार्थांपैकी फारच थोडे बाजारात टिकले, आणि भुईमुगाचे लोणी हा काही त्यांचा शोध नव्हे. सावकाराचा पाशही त्यांच्याने तुटला नाही. पुष्कळ कुटुंबे कर्जातच राहिली. परंतु त्याच कर्जबाजारी घरात चवळीचे कालवण व पाल्याची भाजी शिजू लागणे हा लहानसहान लाभ नव्हता. १९४० साली त्यांनी आपली जन्मभराची शिल्लक संशोधनकार्यास देऊन टाकली, आणि ५ जानेवारी १९४३ रोजी ते प्रभूच्या विसाव्यात गेले.

वाचकहो, हे चरित्र दूरदेशीचे असले तरी त्याचा बोध आपल्या उंबऱ्याशी आहे. १९६० च्या सुमारास हैदराबाद येथील संशोधकांना दख्खनमधील, मुख्यतः ज्वारीवर गुजराण करणाऱ्या गरिबांतही पेलाग्रा आढळला. ज्वारी हे उत्तम धान्य आहे. दोष भाकरीचा नव्हे, तिच्या एकटेपणाचा आहे. तिच्या जोडीस वाटीभर डाळ किंवा उसळ, मूठभर शेंगदाणे, पालेभाजी आणि जमेल तेव्हा दूध, अंडे किंवा मासळी असावी. आणि ती केवळ कर्त्या पुरुषाच्या ताटात नव्हे, तर मागाहून जेवणाऱ्या आईच्या व लेकीच्या ताटातही पडावी. यंदा पावसाळ्यापूर्वी प्रत्येक घराने न्हाणीच्या सांडपाण्यावर शेवगा, भोपळा व पालेभाजीचा एखादा वाफा धरावा, आणि कापसाच्या रानात चवळीच्या चार ओळी टाकाव्यात. कार्व्हर यांचे स्मरण करण्याची याहून योग्य रीत आम्हांस सुचत नाही.