आत्मरक्षणाचा प्रश्न आणि बाबासाहेबांचे आयुष्य

वस्तीतल्या तरुणांसोबत काम करताना एक प्रश्न आम्हाला वारंवार विचारला जातो. आपल्यावर हल्ला झाला तर काय करायचे? जयंतीच्या मिरवणुकीवर दगड आले, निळ्या झेंड्यावरून वाद पेटला, आंतरजातीय लग्नावरून धमक्या आल्या, की कुणीतरी म्हणतोच, आता घरात एक कोयता ठेवायला हवा. हा प्रश्न आम्ही टाळत नाही. पण उत्तर देण्याआधी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्याकडे या एकाच नजरेने पाहिले पाहिजे, असे आम्हाला वाटते. कारण जिवाचा धोका काय असतो, हे त्यांनी लहानपणापासून अनुभवले होते.

१४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या लष्करी छावणीत जन्मलेले भीमराव हे सुभेदार रामजी सकपाळ यांचे पुत्र. घरात सैनिकी शिस्त होती. पण १९०१ साली साताऱ्याहून वडिलांकडे कोरेगावला जायला निघालेल्या या मुलाला सैनिकाच्या घराण्याचा काहीच उपयोग झाला नाही. मसूर स्टेशनवर जात कळताच गाडीवाले मागे हटले. दुप्पट भाड्यावर एक बैलगाडी मिळाली, तीही मुलांनी स्वतः हाकायची या अटीवर. रात्र टोलनाक्यापाशी काढावी लागली. प्यायला पाणी मिळाले नाही. अंगावर दागिने होते, गाडीवाल्यावर विश्वास नव्हता. तेव्हा मोठ्या भावाने सुचवले की सगळ्यांनी एकदम झोपायचे नाही, काहींनी झोपायचे आणि काहींनी जागायचे. दहा वर्षांच्या आतल्या मुलाचा आत्मरक्षणाचा हा पहिला धडा होता. त्यात हत्यार नव्हते. सावधपणा होता आणि एकमेकांची सोबत होती.

दुसरा प्रसंग १९१७ चा, बडोद्याचा. कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनमध्ये शिकून आलेला हा तरुण संस्थानच्या नोकरीत रुजू झाला, पण त्याला राहायला जागा मिळेना. पारशी नाव घेऊन तो एका पारशी सरायीत उतरला. अकराव्या दिवशी डझनभर माणसे काठ्या घेऊन दारात उभी राहिली आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचा हुकूम देऊन गेली. बाबासाहेब त्यांच्याशी भिडले नाहीत. सामान बांधले, मित्रांकडे आसरा मागितला, तो मिळाला नाही. मग कामाठी बागेत वेळ काढून त्यांनी रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली.

याला कुणी पळून जाणे म्हणेल. आम्ही म्हणत नाही. एकटा माणूस, समोर बारा काठ्या आणि पाठीशी कुणी नाही, अशा वेळी जीव वाचवणे हेच शहाणपण असते. त्या दिवशी ते वाचले, म्हणूनच पुढचे महाड घडले.

२० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्यायल्यानंतर महाडमध्ये अफवा उठली की आता अस्पृश्य वीरेश्वराच्या देवळात शिरणार. मंडपात जेवणाऱ्या प्रतिनिधींवर लाठ्या घेऊन जमाव तुटून पडला. पोलीस अधिकारी डाक बंगल्यावर बाबासाहेबांकडे आले, तेव्हा त्यांनी कामाची वाटणीच करून टाकली. आपली माणसे आपण आवरू, दुसऱ्या बाजूला पोलिसांनी आवरावे. परिषदेला आलेल्यांत सैन्यातून निवृत्त झालेले अनेक होते. लढाई त्यांना नवी नव्हती. एका इशाऱ्याची वाट होती. बाबासाहेबांनी तो इशारा दिला नाही. जखमींवर उपचार झाले, तक्रारी दाखल झाल्या, खटला चालला आणि जूनमध्ये पाच जणांना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. त्या दिवशी उलट हल्ला झाला असता, तर कोर्टात आरोपी कोण ठरले असते, हे सांगायला नको.

पण त्यांनी लोकांना दुबळेही ठेवले नाही. त्याच काळात समता सैनिक दल उभे राहिले. सभा, मिरवणुका आणि माणसे यांचे रक्षण शिस्तीने व्हावे, हा त्यामागचा विचार. महारांसाठी बंद झालेले सैन्याचे दार उघडावे म्हणून त्यांनी पाठपुरावा केला आणि १९४१ साली बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. म्हणजे हत्याराचा त्यांना विटाळ नव्हता. ते कुणाच्या हाती आहे, कोणत्या शिस्तीत आहे आणि त्याचा जाब कोण देणार आहे, हे ते पाहत.

आयुष्याच्या अखेरीस धम्माचा विचार करतानाही त्यांनी हा प्रश्न सोडला नाही. अहिंसा हा बुद्धाने घातलेला आंधळा नियम नसून ते तत्त्व आहे, अशी त्यांनी मांडणी केली. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत त्यांनी फरक केला. वैशालीच्या सिंह सेनापतीशी झालेल्या बुद्धाच्या संवादाचा आधार घेऊन न्यायासाठी बळ वापरावे लागू शकते, हेही त्यांनी दाखवले. पण सूडाला त्यात कुठेच जागा नाही.

आता आजचे बोलू. खैरलांजी आपण विसरू शकत नाही. तिथे साक्ष देण्याचे धाडस करणाऱ्या भोतमांगे कुटुंबातील चौघांची २९ सप्टेंबर २००६ रोजी हत्या झाली. कायदा उशिरा पोहोचतो, हा तरुणांचा राग खोटा नाही. पण आम्ही हेही पाहिले आहे की एका वस्तीत हल्ला आपल्यावर झाला, आणि पोलिसांना कोयता मात्र आपल्याच एकोणीस वर्षांच्या पोराकडे सापडला. अत्याचाराची तक्रार मागे पडली. पोरगा शस्त्र कायद्याच्या गुन्ह्यात अडकला, पोलीस भरतीचे त्याचे स्वप्न संपले. त्याच्या आईला आम्ही काय सांगायचे?

कायद्याने आपल्याला बरेच दिले आहे, ते वापरायला शिका. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आत्मरक्षणाचा हक्क आहे. पण बचावाला लागेल तेवढेच बळ, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर तो हक्क मिळत नाही. अत्याचार प्रतिबंध नियम, १९९५ मधील नियम ३ वाचा. अत्याचाराची शक्यता असलेल्या भागात इतरांचे शस्त्रपरवाने रद्द करणे, बेकायदा शस्त्रे जप्त करणे आणि गरज पडल्यास अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना परवाने देणे, हे सगळे त्यात आहे. साक्षीदारांच्या संरक्षणासाठी २०१५ च्या दुरुस्तीने आलेले कलम १५अ आहे. धमकी आली की त्याच दिवशी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तणावात एकटे फिरू नका. वस्तीत फोनची साखळी ठेवा. मुलामुलींना लाठीकाठी, कराटे जरूर शिकवा.

मित्रांनो, टोलनाक्यावर जागलेली मुले, बडोद्याहून निघालेला तरुण आणि महाडमध्ये आपल्या माणसांना आवरणारा नेता, या तिन्ही ठिकाणी बाबासाहेबांनी आधी जीव जपला आणि मग लढाई पुढे नेली. उशाखालचा कोयता या दोन्हींपैकी एकही काम करत नाही.

जय भीम!