विजेने थांबलेलं हृदय, विजेनेच चालू करणारा इंजिनिअर: विल्यम काउवेनहोव्हन

रत्नागिरी जिल्ह्यात पहिला पाऊस वाऱ्यासकट आला की लाईट जाते. कुठे माडाची झावळी तारेवर पडलेली असते, कुठे आंब्याची फांदी, कुठे खांबच वाकलेला. मग भर पावसात वायरमन येतो आणि आपण फोनची बॅटरी किती टक्के उरली ते बघत त्याची वाट पाहतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, तेव्हा मंडणगड-दापोलीकडची कितीतरी गावं बरेच दिवस अंधारात होती. खांब उभे करून तारा पुन्हा ओढायचं काम याच माणसांनी केलं.

हे काम जीवघेणं आहे. बंद समजलेल्या लाईनमध्ये कुणाच्या तरी जनरेटरचा करंट उलटा येतो, आणि खांबावरचा माणूस तिथेच पट्ट्याला लटकतो. अंगावर भाजल्याची मोठी खूणसुद्धा नसते. मग तो मरतो कशाने?

साधारण शंभर वर्षांपूर्वी न्यूयॉर्कच्या वीज कंपनीला हाच प्रश्न पडला होता. विजेचं जाळं वाढत होतं, तसे तिचे लाईनमन मरत होते. त्याचं उत्तर शोधायला ज्यांना गाठलं त्यांच्यात डॉक्टर होते, तसे एक वीज इंजिनिअरही होते. आज मॉलमध्ये, एअरपोर्टवर भिंतीला टांगलेली एईडी नावाची पेटी दिसते आणि छाती दाबून माणूस वाचवल्याचे व्हिडिओ तुमच्या फोनवर येतात. या दोन्हींच्या मुळाशी तो इंजिनिअर आहे.

ब्रुकलिन ते बाल्टिमोर

विल्यम बेनेट काउवेनहोव्हन यांचा जन्म १३ जानेवारी १८८६ चा, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातला. तिथेच त्यांनी इलेक्ट्रिकल आणि मेकॅनिकल अशा दोन्ही इंजिनिअरिंगच्या पदव्या घेतल्या. पुढे जर्मनीत कार्ल्सरूहला जाऊन १९१३ मध्ये डॉक्टरेट केली आणि १९१४ पासून बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात शिकवायला लागले. बाकीचं सगळं आयुष्य तिथेच गेलं. १९३८ मध्ये ते तिथल्या इंजिनिअरिंग विभागाचे डीन झाले. हे सगळं एका परिच्छेदात आटपतोय, कारण खरी गोष्ट दोन इमारतींच्या मधल्या रस्त्यावर घडली: एक इंजिनिअरिंगची, दुसरी मेडिकलची.

वीज कंपनीच्या कामासाठी १९२८ च्या सुमारास ते हा रस्ता ओलांडून डॉक्टरांच्या प्रयोगशाळेत गेले. शरीरशास्त्राचे डोनाल्ड हूकर आणि मेंदूचे डॉक्टर लँगवर्दी यांच्यासोबत त्यांनी काम सुरू केलं. विजेचा धक्का शरीरात नेमकं काय करतो, हे मोजायचं होतं.

घरातल्या विजेचा शंभर मिलीअँपिअरच्या आसपासचा प्रवाह छातीतून गेला तर तो प्राणघातक ठरू शकतो. एवढा प्रवाह आपल्याकडे २०-२५ वॅटचा एक बल्ब खातो. या प्रवाहाने हृदय जळत नाही, फाटत नाही. फक्त त्याचा ताल जातो. एकत्र आकुंचन पावणारे स्नायू ज्याचे त्याचे थरथरायला लागतात. भजनात प्रत्येक टाळकरी वेगळ्याच तालात वाजवायला लागला तर नुसता गोंगाट होतो, भजन होत नाही, तसं. हृदय हलतंय, पण रक्त पुढे जात नाही. याला व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन म्हणतात.

(हार्ट अटॅक आणि कार्डिअ‍ॅक अरेस्ट एकच नव्हे, हेही इथेच सांगून टाकतो. अटॅकमध्ये हृदयाला रक्त पुरवणारी नळी तुंबते. माणूस बहुतेक वेळा शुद्धीवर असतो, बोलतो. अरेस्टमध्ये पंपच बंद पडतो; माणूस कोसळतो आणि प्रतिसाद देत नाही. अटॅकमधून अरेस्ट होऊ शकतो, शॉकमधूनही होऊ शकतो.)

उपाय विचित्र होता. जिनिव्हाच्या प्रेव्हो आणि बाटेली या दोघांनी १८९९ मध्येच पाहिलं होतं की लहान धक्क्याने हृदय थरथरायला लागतं, पण मोठ्या धक्क्याने ते थरथरणं थांबतं. पुढे ते सगळे विसरले. हूकर, काउवेनहोव्हन आणि लँगवर्दी यांनी ते पुन्हा हाती घेतलं आणि १९३३ मध्ये कुत्र्यांवरचे निष्कर्ष छापले. पखवाजवाल्याने एक जोरदार थाप मारावी, सगळे टाळकरी गप्प व्हावेत, आणि मग पखवाजाने पुन्हा ठेका धरावा, तसं हे चालतं. मोठा धक्का हृदयाच्या सगळ्या पेशींना एकदम गप्प करतो. मग हृदयातला नैसर्गिक पेसमेकर पुन्हा ठेका धरतो. धक्का हृदय चालू करत नाही, गोंधळ थांबवतो. सिनेमात सरळ रेषा दिसली की शॉक देतात, ते म्हणूनच चुकीचं आहे. सरळ रेषेत थांबवायला गोंधळच उरलेला नसतो.

निवृत्तीनंतरची खरी कामगिरी

१९४७ मध्ये क्लीव्हलँडचे सर्जन क्लॉड बेक यांनी एका मुलाच्या थरथरणाऱ्या हृदयाला थेट धक्का देऊन त्याला वाचवलं. पण त्यासाठी छाती उघडलेली असावी लागली. त्या काळी हृदय बंद पडलं तर दुसरा उपाय होता तोही असाच: छाती कापायची, आत हात घालायचा आणि हृदय मुठीत धरून दाबत राहायचं. ऑपरेशन थिएटरमध्ये हे जमे. खांबाखाली रस्त्यावर पडलेल्या लाईनमनला त्याचा काय उपयोग?

काउवेनहोव्हन यांना हवं होतं ते नेमकं त्याच्यासाठी. छाती न उघडता, बाहेरूनच धक्का देणारं आणि कामगाराच्या जागेवर नेता येणारं यंत्र. विद्यापीठातून निवृत्त होण्याच्या वयात त्यांनी हे काम जोरात धरलं. सर्जरी विभागाचे प्रमुख आल्फ्रेड ब्लेलॉक यांनी त्यांना मेडिकल स्कूलमध्ये जागा दिली. १९५७ मध्ये बाहेरून धक्का देणारं यंत्र तयार झालं आणि रुग्णावर वापरलंही गेलं. वजन साधारण ९० किलो, चाकांवर ढकलायचं. आपल्या पाखाडीच्या पायऱ्यांवरून ते चढवायचा विचार करून बघा.

इथवरची गोष्ट ठरवलेल्या दिशेने चालली होती. पुढचं मात्र कुणी ठरवलेलं नव्हतं.

१९५८ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेत गाय निकरबॉकर नावाचा तरुण संशोधक विद्यार्थी काम करत होता. धक्का देण्यासाठी कुत्र्याच्या छातीवर जड इलेक्ट्रोड जोरात दाबून धरावे लागत. निकरबॉकर यांच्या लक्षात आलं की इलेक्ट्रोड दाबले की, वीज सोडायच्या आधीच, रक्तदाबाच्या आलेखावर एक उंचवटा येतो. हृदय तर बंद आहे. मग हा दाब आला कुठून? नुसत्या दाबण्यातून.

दुसऱ्या एखाद्या प्रयोगशाळेत असा उंचवटा यंत्रातली गडबड म्हणून सोडून दिला गेला असता. इथे प्रमुख इंजिनिअर होता, आणि बिघाड वाटणाऱ्या रीडिंगचं कारण शोधल्याशिवाय पुढे जायचं नाही ही त्या धंद्याची सवय. सर्जन जेम्स ज्यूड यांना सोबत घेऊन तिघांनी सगळं मोजलं. कुठे दाबायचं, किती दाबायचं, मिनिटाला किती वेळा. ९ जुलै १९६० ला अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात त्यांचा लेख आला: २० रुग्ण, त्यातले १४ वाचले. आकडा फार मोठा वाटतो, पण ते रुग्ण दवाखान्यातले होते आणि बरेचसे भूल दिल्यावर हृदय थांबलेले. रस्त्यावर एवढं यश मिळेल असं समजू नका.

जर्मनीच्या फ्रीडरिश मास या डॉक्टरने १८९०च्या दशकाच्या सुरुवातीलाच छाती दाबून रुग्ण वाचवले होते, हेही नोंदवायला हवं. पण त्याची पद्धत पसरली नाही. काउवेनहोव्हन, ज्यूड आणि निकरबॉकर यांच्याकडे दाबाचे आलेख होते, आणि १९६० च्या सप्टेंबरमध्ये तोंडाने श्वास देण्याची पद्धत सिद्ध करणारे पीटर सफार हेही त्यांच्याशी जोडले गेले. तेही बाल्टिमोरचेच. आज आपण ज्याला सीपीआर म्हणतो ते या दोन गोष्टींचं मिश्रण आहे.

काउवेनहोव्हन यांच्या आयुष्यातली मला सगळ्यात भावणारी गोष्ट ही: तीस वर्षं ते यंत्राच्या मागे होते, आणि यंत्राशिवाय चालणारा उपाय सापडला तेव्हा त्यांनी तो यंत्राखाली झाकला नाही. वयाच्या ७४ व्या वर्षी त्यांनी तोच पुढे केला. नुसते हात पुरतात, म्हणजे हे कुणीही करू शकतो, हे लेखात स्पष्टपणे मांडलं.

पेटी लहान कशी झाली

यंत्राचंही काम थांबलं नाही. काउवेनहोव्हन यांचं यंत्र घरच्यासारख्या एसी विजेवर चालायचं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला बर्नार्ड लाऊन यांनी डीसी धक्का जास्त सुरक्षित असल्याचं दाखवलं, आणि त्यामुळे बॅटरीचा रस्ता मोकळा झाला. बेलफास्टच्या फ्रँक पँट्रिज यांनी कारच्या बॅटऱ्यांवर चालणारं ७० किलोचं यंत्र १९६६ मध्ये अँब्युलन्समध्ये चढवलं आणि दवाखानाच रुग्णाकडे नेला. दोनतीन वर्षांत त्यांचं यंत्र ३ किलोंवर आलं.

एक गंमतीचा हिशोब. एका धक्क्याला साधारण २०० ज्यूल ऊर्जा लागते. तुमच्या ५००० एमएएचच्या फोन बॅटरीत जवळपास ६९ हजार ज्यूल असतात, म्हणजे अशा तीनशेहून जास्त धक्क्यांची ऊर्जा तुमच्या खिशात आहे. अडचण ऊर्जेची नाहीच. ती काही मिलिसेकंदांत, हजार-दोन हजार व्होल्टने बाहेर काढायची अडचण आहे. त्यासाठी कपॅसिटर लागतो: कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखा हळूहळू भरायचा आणि एका झटक्यात रिकामा करायचा. पेटी लहान झाली ती मुख्यतः चांगल्या कपॅसिटरमुळे आणि चिपमुळे. आजची एईडी स्वतःच हृदयाचा ताल वाचते आणि गरज नसेल तर धक्का देतच नाही. त्यामुळे ती वापरायला डॉक्टर असावं लागत नाही.

आता रत्नागिरीकडे. जिल्हा ८,२०८ चौरस किलोमीटरचा, एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला घाट. मंडणगडहून जिल्ह्याच्या ठिकाणी यायचं तर सव्वाशे किलोमीटरहून जास्त रस्ता. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ ची सेवा सुरू झाली, सुरुवातीला राज्यभर ९३७ अँब्युलन्स, प्रत्येकीत डॉक्टर. त्यातल्या २३३ मध्ये प्रगत उपकरणं, म्हणजे डिफिब्रिलेटर, व्हेंटिलेटर वगैरे. सेवा मोठी आहे, पण गाडी किती लवकर पोचणार हे रस्ताच ठरवतो. काहीच केलं नाही तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. म्हणजे पहिल्या दहा मिनिटांत वाडीतली माणसं काय करतात यावर सगळं आहे.

ती माणसं काय करू शकतात? शॉक लागलेला माणूस असेल तर आधी मेन स्विच बंद, मगच हात लावा. रस्त्यावर तुटलेली तार असेल तर बांबूने ढकलायला जाऊ नका, मोठ्या दाबाच्या लाईनवर ओला बांबू तुम्हालाही घेऊन जाईल. लांब उभे राहा, महावितरणला कळवा. वीज बंद झाल्याची खात्री झाली, माणूस हाकेला ओ देत नाही, श्वास नीट नाही, तर १०८ लावा, फोन स्पीकरवर ठेवा आणि छातीच्या मधोमध तळहाताच्या टाचेने दाबायला लागा. ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा. (काउवेनहोव्हन यांच्या मूळ लेखात वेग साठच्या आसपास होता, नंतरच्या अभ्यासाने तो वाढला.) फोनमधल्या मेट्रोनोम अ‍ॅपवर ११० लावून एकदा उशीवर सराव करून बघा, दोन मिनिटांत दंड भरून येतात. म्हणून दोघातिघांनी पाळीपाळीने करायचं.

१९६७ मध्ये फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिल इथे रोक्को मोराबिटो या वृत्तपत्र छायाचित्रकाराने एक फोटो काढला. खांबावर शॉक लागून उलटा लटकलेला लाईनमन, आणि त्याला तिथेच तोंडाने श्वास देणारा त्याचा सहकारी. फोटोला पुलित्झर मिळालं. तो लाईनमन वाचला आणि पुढे कित्येक वर्षं जगला.

काउवेनहोव्हन यांनी मेडिकलची पदवी कधी घेतली नव्हती. १९६९ मध्ये हॉपकिन्सच्या मेडिकल स्कूलने त्यांना मानद एमडी दिली, त्या संस्थेने दिलेली अशी ही पहिलीच पदवी. १९७३ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला. १९७४ मध्ये अमेरिकेत सीपीआर सामान्य लोकांना शिकवायची अधिकृत शिफारस झाली. तोवर ती डॉक्टर-नर्सांनीच करायची गोष्ट, असं बऱ्याच डॉक्टरांचं मत होतं. त्यानंतर वर्षभराने, १० नोव्हेंबर १९७५ ला, वयाच्या ८९ व्या वर्षी काउवेनहोव्हन बाल्टिमोरमध्येच वारले.