पाच वेळा खरे, सहाव्यांदा खोटे

तापाची साथ आली की बाह्यरुग्ण विभागात एक मोह पडतो. सकाळपासून दहा रुग्ण डेंगीचे निघाले, की अकराव्याला हात लावण्याआधीच मनात डेंगी ठरून जातो. आणि एखादा अकरावा नेमका लेप्टोचा निघतो. अशा वेळी मला लिओनार्ड ऑयलर आठवतात.

ऑयलर १७०७ साली स्वित्झर्लंडमधील बाझल येथे जन्मले. वडील धर्मोपदेशक, मुलानेही तेच व्हावे, ही त्यांची इच्छा. गणितज्ञ योहान बर्नूली यांनी मुलाची बुद्धी ओळखून त्यांचे मन वळवले. १७२७ मध्ये ऑयलर रशियातील सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीत गेले. गंमत म्हणजे त्यांना देऊ केलेली जागा शरीरक्रियाशास्त्राची होती!

तेथे त्यांच्यापुढे फर्मा यांचा जुना अंदाज आला. ३ ही संख्या घ्या. तिच्यातून एक वजा करा, उरलेल्याचा वर्ग करा आणि एक मिळवा, ५ येतात. हेच पुढे करत गेल्यास १७, २५७, ६५,५३७ मिळतात. पाचही मूळ संख्या, म्हणजे एक आणि स्वतःखेरीज कशानेही भाग न जाणाऱ्या. तेव्हा पुढच्या सगळ्याही तशाच असणार, असे फर्मांना वाटले. उदाहरणांवरून नियमाकडे जाणाऱ्या या वाटेला विगमन म्हणतात. १७३२ मध्ये ऑयलर यांनी सहावी संख्या तपासली. ४,२९,४९,६७,२९७ ला ६४१ ने पूर्ण भाग जातो! एका भागाकाराने अंदाज कोसळला.

पुढे त्यांनी सिद्ध केले की या सहाव्या संख्येचा कोणताही विभाजक ६४ च्या पटीत एक मिळवूनच येतो. ६४१ तसाच आहे. नियमाकडून उदाहरणाकडे येणारी ही वाट म्हणजे निगमन. तिने असंख्य भागाकारांचे कष्ट वाचतात.

ऑयलर यांनी विगमन टाकून मात्र दिले नाही. संख्यांचे तक्ते मांडायचे, त्यांतली लय हेरायची आणि मग सिद्धता शोधायची, अशी त्यांची रीत होती.

१७३५ मध्ये त्यांना जीवघेणा ताप आला आणि पुढच्या काही वर्षांत उजवा डोळा निकामी झाला. नंतर डाव्या डोळ्यात मोतीबिंदू झाला. १७७१ मध्ये शस्त्रक्रिया झाली. काही दिवस दिसले, पण जंतुसंसर्ग होऊन तीही दृष्टी गेली. निर्जंतुकीकरण कोणालाच ठाऊक नव्हते, तो हा काळ. तरी मुले आणि सहायक यांना सांगून ते लिहवून घेत राहिले. १७८३ मध्ये मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचे निधन झाले.

एक अंदाज त्यांनी सिद्धतेविना मागे ठेवला होता. पूर्ण संख्यांच्या पाचव्या घातांची बेरीज करून पुन्हा पाचवा घात मिळवायचा, तर निदान पाच संख्या लागतात, असा तो होता. १९६६ मध्ये संगणकाने २७, ८४, ११० आणि १३३ या चारच संख्या शोधल्या. त्यांच्या पाचव्या घातांची बेरीज १४४ च्या पाचव्या घाताइतकी भरते. फर्मांची चूक दाखवणारे ऑयलरही त्याच वाटेवर घसरले होते.

आम्हा डॉक्टरांना गणितासारखी सिद्धता मिळत नाही. आमचे बरेचसे काम विगमनावरच चालते. म्हणून पडताळा हाच आमचा आधार. शेजाऱ्याचा ताप ज्या गोळीने उतरला, तीच आपणही घ्यावी, असे वाटेल तेव्हा सहावी संख्या आठवा. आणि साथीच्या दिवसांत डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितले, तर कंटाळा करू नका.