पदवी राहिली, हिशोब नाही

जे. आर. डी. टाटांना (१९०४–१९९३) केंब्रिजला इंजिनिअरिंग शिकायचं होतं. पण १९२५ मध्ये वडिलांनी कामावर बोलावलं अन् ते राहूनच गेलं. तरी १९२९ मध्ये भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना त्यांनी मिळवला. १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून टपाल घेऊन ते एकट्याने मुंबईत जुहूला उतरले. जवळ रेडिओ नव्हता. होता स्लाइड रूल. त्याच लॉगरिदमच्या खुणा पुढे वैमानिकांच्या घड्याळाच्या फिरत्या कड्यावर आल्या. ताशी वेग ६० च्या समोर आणायचा, की प्रत्येक मिनिटासमोर कापलेलं अंतर वाचता येतं. १९८२ मध्ये, ७८ वर्षांचे असताना, जेआरडींनी तेच उड्डाण पुन्हा केलं. एक पेपर राहिला की खचणाऱ्या आपल्या होस्टेलच्या दोस्तांनी हे ध्यानात ठेवावं.