हाफकिनसाहेब व उंडेरा गांव

मुंबईस परळ येथील हाफकिन संस्थेचें नांव बहुतेकांनीं ऐकिलेलें असतें. परंतु ज्यांच्या नांवानें ती ओळखली जाते, त्यांचें चरित्र थोड्यांसच ठाऊक आहे. म्हणून तें येथें संक्षेपानें देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

वाल्देमार हाफकिन यांचा जन्म १८६० सालीं ओडेसा शहरीं एका यहुदी कुटुंबांत झाला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत त्यांनीं पटकीची लस तयार केली व १८९२ सालीं ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. पुढल्या वर्षीं ते हिंदुस्थानांत आले. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग उद्भवला, तेव्हां त्यांनीं त्यावरही लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजीं पुन्हां आपल्याच देहावर तिचा प्रयोग केला.

परंतु एकाच्या जिवास अपाय झाला नाहीं, एवढ्यानें लस गुणकारी ठरत नाहीं. भायखळ्याच्या तुरुंगांत स्वखुशीनें पुढें आलेल्या कैद्यांस त्यांनीं ती टोचली व त्यांच्यांत रोग कमी आढळला. तरी जे आपण होऊन पुढें येतात, ते मुळांतच अधिक सशक्त वा सावध असतील, ही शंका उरतेच. ती फेडण्यासाठीं १८९८ सालीं बडोद्यानजीक उंडेरा गांवीं त्यांनीं निराळी योजना केली. प्रत्येक कुटुंबांतील सुमारें निम्म्या माणसांस लस टोचावी, निम्म्यांस वगळावें. वय, स्त्रीपुरुषभेद व प्रकृति हीं दोन्हींकडे शक्य तितकीं सारखीं ठेवावीं. घर एक, अन्न एक. मग जो फरक दिसेल तो लसीचा. पुढें ज्या २८ कुटुंबांत प्लेग शिरला, त्यांतील लस टोचलेल्या ७१ माणसांपैकीं ३, तर न टोचलेल्या ६४ पैकीं २६ मरण पावलीं.

हे आंकडे वाचून आम्हांस समाधान वाटतें, तसा विषादही वाटतो. त्या २६ जणांस लस मिळती तर? पण तिचा गुण तेव्हां निश्चित झाला नव्हता; आणि तो ठरल्यावांचून ती लाखों लोकांस कोणत्या भरंवशावर द्यावी? पुढील काळांत शास्त्रज्ञ अशी निवड चिठ्ठ्या टाकाव्या त्याप्रमाणें करूं लागले. त्यायोगें नकळत होणारा पक्षपातही टळतो.

१९०२ सालीं पंजाबांत मुल्कोवाल येथें लसीची एक बाटली दूषित होऊन १९ माणसें धनुर्वातानें दगावलीं. दोष हाफकिनसाहेबांवर आला व त्यांस काम सोडावें लागलें. १९०७ सालीं तो ठपका दूर झाला. १९२५ सालीं परळच्या प्रयोगशाळेस त्यांचें नांव देण्यांत आलें; १९३० सालीं लोझान येथें ते निवर्तले.

आपल्या कृतीवर विश्वास असूनही तिची निःपक्षपातानें परीक्षा घेणें, हा त्यांचा गुण आम्हां विद्यार्थ्यांस नित्य स्मरणीय वाटतो.