काचमहाल हलविणारा माळी

मालवण, देवगड, वेंगुर्ले परिसरात जुने घर उतरविताना त्याच्या तुळया, वासे आणि कौले सहसा टाकून दिली जात नाहीत. जाणता सुतार लाकडांवर खुणा करतो आणि तेच सामान नव्या जोत्यावर पुन्हा चढते. वापरलेले हरितगृह विकत घेऊन दुसऱ्या जागी उभारायचे झाल्यासही हीच रीत कामी येते. अशा उलाढालीचे इतिहासातील सर्वांत गाजलेले उदाहरण दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी लंडनमध्ये घडले. ते घडविणारे सर जोसेफ पॅक्स्टन हे मुळात माळी होते.

पॅक्स्टन यांचा जन्म ३ ऑगस्ट १८०३ रोजी इंग्लंडमधील बेडफर्डशायर परगण्यात एका गरीब शेतकरी कुटुंबात झाला. स्थापत्यशास्त्राचे औपचारिक शिक्षण त्यांना कधीच मिळाले नाही. पंधराव्या वर्षाच्या सुमारास ते बागेत कामाला लागले. १८२३ मध्ये लंडनजवळच्या चिझिक येथील हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या उद्यानात त्यांना काम मिळाले. शेजारीच राहणाऱ्या सहाव्या ड्यूक ऑफ डेव्हनशायर यांनी या होतकरू तरुणाला हेरले. १८२६ मध्ये, वयाच्या अवघ्या तेविसाव्या वर्षी, पॅक्स्टन ड्यूकच्या चॅट्सवर्थ येथील विस्तीर्ण बागेचे मुख्य माळी झाले.

चॅट्सवर्थमध्ये त्यांनी काचगृहांचे अनेक प्रयोग केले. घड्या घातल्यासारखे चढ-उतारांचे छप्पर केल्यास सकाळ-संध्याकाळचा तिरपा प्रकाश अधिक मिळतो, हे त्यांनी हेरले. पावसाचे पाणी वाहून नेणारी पन्हळ आणि छपराचा आधार ही दोन्ही कामे एकाच लाकडी तुळईकडून करून घेण्याची युक्तीही त्यांनी काढली. १८३६ ते १८४० या काळात त्यांच्या देखरेखीखाली तेथे भव्य काचगृह उभे राहिले. त्यासाठी दूरदूरच्या वनस्पती आणल्या गेल्या. १८३५ मध्ये जॉन गिब्सन या तरुण माळ्याला भारतात धाडण्यात आले. ईशान्येकडील डोंगरांतून जमविलेली ऑर्किडे आणि अन्य रोपे घेऊन तो १८३७ मध्ये परतला. लांबच्या सागरी प्रवासात रोपे जगावीत म्हणून ती काचेच्या बंद पेट्यांत ठेवली जात. ही पेटी म्हणजे एक छोटे फिरते हरितगृहच होते.

१८४९ च्या नोव्हेंबरमध्ये दक्षिण अमेरिकेतील महाकाय व्हिक्टोरिया कमळ इंग्लंडमध्ये प्रथमच चॅट्सवर्थला फुलले. त्याच्या एका पानावर पॅक्स्टन यांची सात वर्षांची मुलगी उभी राहू शकली. पानाखालच्या जाड शिरा आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या शिरा पाहून त्यांना हलक्या पण भक्कम छपराचे मर्म उमगले. या कमळासाठी त्यांनी बांधलेले काचगृह पुढच्या भव्य इमारतीची पूर्वतयारी ठरले.

१८५१ च्या जागतिक प्रदर्शनासाठी लंडनच्या हाइड पार्कमध्ये तात्पुरती इमारत हवी होती. स्पर्धेत आलेले २४५ आराखडे नापसंत झाले. जून १८५० मध्ये रेल्वे कंपनीच्या एका बैठकीत बसलेल्या पॅक्स्टन यांनी टीपकागदावर कच्चे रेखाटन केले आणि जुलैमध्ये त्यांची योजना स्वीकारली गेली. एकाच मापाचे ओतीव लोखंडी खांब, तुळया आणि सुमारे तीन लाख काचा कारखान्यांत घडल्या आणि जागेवर केवळ जोडल्या गेल्या. सुमारे ५६३ मीटर लांबीची ही इमारत वर्षभराच्या आत उभी राहून १ मे १८५१ रोजी खुली झाली. लोकांनी तिला क्रिस्टल पॅलेस, म्हणजे स्फटिकमहाल, हे नाव दिले. साडेपाच महिन्यांत सुमारे साठ लाख लोकांनी ती पाहिली. त्याच वर्षी पॅक्स्टन यांना सर ही पदवी मिळाली.

या यशामागे एक व्यवहारी हिशेब होता. प्रदर्शनानंतर सामान परत नेण्याच्या बोलीवर फॉक्स, हेंडरसन अँड कंपनीने सुमारे ८० हजार पौंडांत काम घेतले होते. सामान सुटे होणार आणि त्याला पुन्हा किंमत येणार, हे गृहीत असल्यानेच बांधकाम स्वस्त पडले.

इमारत हाइड पार्कमध्येच राहावी, अशी पॅक्स्टन यांची इच्छा होती. एप्रिल १८५२ मध्ये संसदेने ती नाकारली. तेव्हा त्यांच्या पाठिराख्यांनी कंपनी काढून सारे सामान ७० हजार पौंडांना विकत घेतले. दक्षिण लंडनमधील सिडनहॅमची टेकडी निवडण्यात आली आणि ऑगस्ट १८५२ मध्ये तेथे पहिला खांब उभा राहिला.

मात्र पॅक्स्टन यांना जुनी इमारत जशीच्या तशी उभारायची नव्हती. तीन मजल्यांचे पाच मजले झाले, सपाट भासणाऱ्या मुख्य छपराच्या जागी कमानदार छप्पर आले आणि काच जवळजवळ दुप्पट लागली. जागा उताराची असल्याने बागेच्या बाजूला खाली आणखी एक मजला बांधावा लागला. मुळात एका उन्हाळ्यासाठी असलेल्या इमारतीत आता हिवाळ्यात उष्ण प्रदेशांतील झाडे जगवायची होती. त्यासाठी गरम पाण्याच्या नळांचे जाळे टाकावे लागले. १५ ऑगस्ट १८५३ रोजी मधल्या भागाचा परांचा कोसळून १२ कामगार मृत्युमुखी पडले. नवी इमारत १० जून १८५४ रोजी राणी व्हिक्टोरिया यांच्या हस्ते खुली झाली. बागेतील कारंज्यांना पुरेसा दाब मिळावा म्हणून ब्रुनेल या नामवंत अभियंत्याकडून दोन प्रचंड जलमनोरेही उभारून घेण्यात आले. एकूण खर्च सुमारे १३ लाख पौंडांवर, म्हणजे सामानाच्या खरेदीच्या अठरापटींहून पुढे गेला. प्रेक्षक लाखोंनी येत राहिले, परंतु कंपनी या ओझ्याखालून कधीच पुरती बाहेर आली नाही.

१८५४ पासून अखेरपर्यंत पॅक्स्टन कॉव्हेंट्रीचे संसद सदस्य होते. टेकडीवरील उघड्या वाऱ्याने १८६१ मध्ये काचमहालाची मोठी हानी केली. ८ जून १८६५ रोजी महालाजवळच्या आपल्या घरी पॅक्स्टन यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी आगीत इमारतीचा उत्तरेकडील भाग जळाला आणि पैशाअभावी तो पुन्हा बांधता आला नाही. उरलेला महाल ३० नोव्हेंबर १९३६ च्या रात्री भस्मसात झाला.

त्यांची रीत मात्र मुंबईपर्यंत पोहोचली. काळा घोडा परिसरातील वॉटसन्स हॉटेलचा लोखंडी सांगाडा इंग्लंडमध्ये घडवून जहाजाने आणला गेला आणि १८६९ पर्यंत जोडून पूर्ण झाला. त्याचे रचनाकार रोलंड मेसन ऑर्डिश यांनी काचमहालाच्या कामातही भाग घेतला होता.

घाटमाथ्यावरील हरितगृह उतरवून मालवणच्या किनाऱ्यावर आणू पाहणाऱ्या शेतकऱ्याला या चरित्रात बरेच घेण्यासारखे आहे. खुणा केलेले सुटे भाग कोठेही जोडता येतात. वारा, पाऊस आणि जमिनीचा उतार मात्र जागेबरोबर बदलतात. मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळाने या किनाऱ्याला वाऱ्याची ताकद दाखवून दिली आहे. खाऱ्या हवेत नट-बोल्ट लवकर गंजतात आणि येथील मुसळधार पावसात अपुरी पन्हळ निभावत नाही. त्यामुळे जुन्या सामानाची स्वस्त किंमत हा हिशेबाचा केवळ पहिला आकडा असतो. पाया, नांगरण्या, पन्हळ आणि देखभाल धरूनच तो पुरा होतो. पॅक्स्टन यांनी सुटे भाग जोडण्याची कला जगाला शिकविली. दुसऱ्या उभारणीत आकार वाढविण्याचा मोह मात्र त्यांनाही आवरला नाही आणि त्याची किंमत त्यांच्या काचमहालाला अखेरपर्यंत मोजावी लागली.