जमिनीचे बसणे मोजणारे कार्ल टेर्झागी

पुण्याच्या मंडईची इमारत १८८६ साली खुली झाली, आणि २०२४ च्या सप्टेंबरात तिच्या शेजारीच मेट्रोचे भुयारी स्थानक सुरू झाले. दाट वस्तीखाली असे खोदकाम चालते तेव्हा वरची जमीन किती सूत बसते, हे रोज मोजावे लागते. भोवतालच्या जुन्या वाड्यांत माणसे निजलेली असतात. या मोजणीमागील शास्त्र ज्यांनी उभे केले, त्यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देत आहो.

कार्ल टेर्झागी यांचा जन्म १८८३ साली प्राग येथे झाला. त्यांनी ग्राझ येथे यंत्रविद्येचा अभ्यास केला, परंतु त्यांचे चित्त मातीत गुंतले. १९१६ साली ते कॉन्स्टँटिनोपल येथे अध्यापक झाले, व महायुद्धानंतर तेथीलच रॉबर्ट कॉलेजात शिकवू लागले. १८६३ साली स्थापन झालेले हे कॉलेज एका अमेरिकन मिशनऱ्याच्या परिश्रमाचे फळ होय. तेथे उपकरणांस पैसा नव्हता. म्हणून सिगारच्या पेट्या व स्वयंपाकघरातील किरकोळ जिनसा यांतून त्यांनी ती जुळविली. काचनळी फुटताच प्रयोग सोडून देणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी हे अवश्य ध्यानात घ्यावे!

ओल्या चिकणमातीची वडी कड्यात बसवून तिजवर ते वजन ठेवीत, आणि ती किती दबते हे वेळोवेळी टिपीत. भार प्रथम कणांमधील पाण्यावर पडतो. ते पाणी सावकाश निसटते, तसतसा तो कणांवर येतो व माती बसते, असे त्यांना आढळले. थर दुप्पट जाड असला तर काळ दुप्पट नव्हे, चौपट लागतो. यास्तव आज निश्चल दिसणारी इमारत काही वर्षांनी खचू शकते. १९२५ साली त्यांचा जर्मन ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुढे अमेरिका, व्हिएन्ना व नंतर हार्वर्ड येथे त्यांनी काम केले. १९६३ साली ते निवर्तले.

कोराडी, चंद्रपूर येथील वीजकेंद्रांची राख पाण्यात कालवून तळ्यांत सोडली जाते. अशा राखेवर भराव घालावयाचा असता आधी खाली लोखंडी पत्रा ठेवून त्याला उभी सळई जोडतात, आणि दूरच्या स्थिर खुणेशी तिची उंची वारंवार ताडून पाहतात. राख चिकणमातीहून लवकर पाणी सोडते खरी; पण मधले बारीक राखेचे थर अंदाज चुकवितात. सळईचे उतरणे जवळजवळ थांबेपर्यंत तेथे पक्के बांधकाम करू नये.